सव्वीस इंजिनांची निरवानिरव

मी विनीता भागोजी उतेकर, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार महाड, जिल्हा रायगड, मूळची उमरठजवळच्या वाडीची, तालुका पोलादपूर, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, सकाळचा चहा झाल्यावर आणि कोणीही मागे उभे नसताना, माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय करायचे ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी स्थिर आहे. ती तशी नसल्याची शंका माझ्या भावाला अधूनमधून येते, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

हे काम मी आधी वकिलांना सांगितले होते. त्यांच्या टायपिस्टने "पाणी उपसण्याची इंजिने, नग २६, चालू स्थितीत" असे टाइप करून आणले. मी म्हटले, "अहो, आगगाडीची इंजिनं." त्याने ते खोडून "रेल्वे इंजिने" केले. मग वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "बाई, ही सध्या कोणाच्या ताब्यात आहेत? तुमच्या की रेल्वेच्या?" मी कागद घेतला आणि घरी आले. चौतीस वर्षे फळ्यावर सुविचार लिहिले आहेत, एक मृत्युपत्र लिहिता येईल.

१. मिळकत काय आहे ते आधी स्पष्ट करते. पितळी पत्र्याची, खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, वीतभर किंवा त्याहून चार बोटे लांब, रुळावर ठेवून वीज दिल्यावर चालणारी अशी सव्वीस इंजिने माझ्या घरात आहेत. त्यांतले पितळकाम श्री. दीपक निजामपूरकर यांचे. त्यांचे बाजारपेठेत भांड्यांना कल्हई करण्याचे आणि फुटकी भांडी डाग देऊन सांधण्याचे दुकान होते. रंगकाम माझे. रंगकाम म्हणजे डबा उघडला आणि फासला असे नव्हे. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत "म.रे." लिहायचे. रूलिंग पेनने केसासारखी पिवळी रेघ इंजिनाच्या कडेने फिरवायची. ती शेवटच्या कोपऱ्यात फुटली की सगळी पुसून पहिल्यापासून. कोळशाच्या टाकीत खराखुरा कोळसा खलून भरायचा. गंजाला जांभ्याची पूड, धुराला समईची काजळी. एका इंजिनाला चार महिने, कधी सहा. "खेळणी" हा शब्द या कागदात नाही आणि माझ्यामागे कोणी वापरू नये.

महाडला रेल्वे नाही, गाडी पकडायला वीरला जावे लागते, मग तुम्हाला हा नाद कुठून, असे मला शेकडो लोकांनी विचारले आहे. शेवटचे उत्तर इथे देते, पुन्हा विचारू नये. माझे वडील भागोजी उतेकर दौंडच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. वर्षातून दोनदा घरी यायचे. मी बारा वर्षांची असताना एक इंजिन काढून काळ्या खडूने नीट भरले आणि त्यांना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "चांगला हाय. पण इंजिन काळा नसतो गो."

"मग कसा असतो?"

"चिमणीपाशी राखाडी. भट्टीपाशी तांबूस. खाली चाकांकडं तेलकट, निळसर. नुसता काळा कुठंच नाय. नुसता काळा म्हणजे ते इंजिन कधी चाललाच नाय."

वडील १९८८ साली वारले. त्यानंतर तीन वर्षांनी कल्हईला दिलेली पातेली आणायला गेले, तर दुकानात दीपकराव एका डब्याच्या पत्र्याचे छोटे इंजिन करत बसलेले. मी म्हटले, "चाकं चुकली." ते म्हणाले, "मग बरोबर काढून द्या, बाई." तिथून पुढे तीस वर्षे. गावात यावर जे बोलले गेले ते मला ठाऊक आहे. दीपकरावांच्या कुटुंबालाही ठाऊक होते. त्या माउलीने दर संक्रांतीला मला वाण दिले आणि बोलणाऱ्यांची तोंडे बंद केली. त्या आज नाहीत, म्हणून नोंद करून ठेवते.

२. माझे धाकटे बंधू हर्षद भागोजी उतेकर, राहणार चिंचवड, यांची पत्नी सौ. मानसी हिला मी एक इंजिन देते, क्रमांक अकरा, मालगाडीचे. कारण सांगणे भाग आहे. २००९ च्या गणपतीत ही मंडळी आली असता मी आरतीला शेजारी गेले होते. परत आले तर मानसी मोरीत बसून क्रमांक अकरा भांड्यांच्या पावडरने घासत होती.

"ताई, इतकं मळलं होतं ना, बघवेना. बघा आता कसं लख्ख झालं!"

तो मळ मी दोन महिने खपून चढवला होता. तेलाचे ओघळ, राखेचे थर, पायरीवरचा बुटांचा घसारा. तिने तो पाऊण तासात काढला आणि वर पदराने पुसला. तिच्या तोंडावर इतका आनंद होता की मी फक्त "बरं" म्हणाले आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आपटला. ते इंजिन मी पुन्हा मळवले नाही. तिने ते घरी न्यावे आणि हवे तेवढे घासावे. रागाने देत नाही. म्हणजे थोडे रागानेच देते, पण तिला ते खरोखर आवडले होते. माझ्या घरातल्या माणसांत तसे म्हणणारी ती एकटीच.

३. माझ्याकडे एकोणीस वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या श्रीमती साळूबाई यांना बँकेतील माझी मुदत ठेव द्यावी. त्यांनी एकदाही इंजिनांवर फडके मारले नाही. एकदा मी मुद्दाम विचारले, तर म्हणाल्या, "ती घाण तुमची हाय, बाय. मी नाय हात लावायची." माझ्या कामाची याहून चांगली पारख आजवर कोणी केलेली नाही.

ज्या शाळेत मी नोकरी केली तिला काहीही देत नाही. तिने माझ्याकडून दर पाहुण्याला रांगोळी, दर स्पर्धेला फलक आणि मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नात रुखवत करून घेतले आहे. हिशेब पुरा झाला.

कुंचले माझ्याबरोबर जाळू नयेत, हर्षदला असले काही सुचते. चांगल्या केसांचे आहेत. ते कोणाला द्यायचे ते अंकिता ठरवील. अंकिता ही दीपकरावांची मुलगी, माझी विद्यार्थिनी, आता औषधांचे दुकान चालवते. तिला रंगात गती नाही हे मी तिला सातवीतच सांगितले होते आणि तिने ते मनाला लावून न घेता गणितात लक्ष घातले. म्हणूनच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यवस्थापक म्हणून मी तिची नेमणूक करते.

४. आता पुराचे. हे कलम वाचून हर्षदने मध्येच फोन करू नये, पुरते वाचावे.

२२ जुलै २०२१ रोजी दुपारपासून सावित्रीचे पाणी आमच्या गल्लीत चढू लागले. महाडकरांना पाणी नवे नाही. गुडघाभर येते, चिखल ठेवून जाते. या वेळी ते थांबेना. हर्षदचा फोन आला. "ताई, इंजिनं सोड, कागदपत्रं घे आणि माळ्यावर जा." मी कागदपत्रे सोडली आणि इंजिने घेतली. प्रत्येक इंजिनाला लाकडी पेटी. एक पेटी, बारा पायऱ्या, पुन्हा खाली. नऊ पेट्या झाल्या. दहावीला खाली उतरले तेव्हा पाणी छातीला लागले आणि पेटी माझ्या हातातून निसटून स्वयंपाकघराकडे तरंगत गेली. सगळ्यात पहिले इंजिन, वडिलांच्या इंजिनासारखे केलेले, सर्वांत वरच्या फळीवर होते. तिथवर पाणी येणार नाही असे मी ठरवले होते. माझी अक्कल. पाणी त्या फळीच्या वर दोन हात गेले.

तिसऱ्या दिवशी दीपकराव आले. कमरेपर्यंत चिखल, पायांत काही नाही. मी माळ्याच्या जिन्यावर बसले होते. त्यांनी चिखलात हात घालून एकेक इंजिन काढले, सतरा मोजली, दोन घमेल्यांत भरली. "घेऊन जातो, बाई," एवढेच म्हणाले. मी मान हलवली असेन.

अकरा दिवसांनी ती परत आणून त्यांनी ओटीवर जुन्या चादरीवर मांडली. सतराच्या सतरा उघडी. थिनर घालून रंगाचा कण न कण काढलेला. पिवळे, नागडे पितळ. म.रे. नाही, रेघ नाही, काजळी नाही, वडिलांचा तांबूस नाही, राखाडी नाही.

मी म्हणाले, "दीपकराव, तुम्ही माझी तीस वर्षं पुसलीत."

त्यांनी तोंड उघडले होते. मी दार लावून घेतले.

आठ महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. रस्त्यात दिसले तर पलीकडून गेले. या आठ महिन्यांत मला जे जे लोक समजवायला आले त्या सर्वांना मी हाकलले, आणि त्यांतल्या एकालाही खरी गोष्ट ठाऊक नव्हती. मग ते आले कशाला?

५. खरी गोष्ट अंकिताने सांगितली. मार्चमध्ये मी तिच्या दुकानात डोळ्यांचे थेंब घ्यायला गेले होते. सहज म्हटले, "बाबांचं दुकान उघडलं का?"

ती म्हणाली, "बाई, दुकान कुठलं? हत्यारं सगळी गंजून गेली. लेथ, कातऱ्या, कानशी, आजोबांचे ठसे. पुरानंतर लगेच धुऊन तेल लावलं असतं तर वाचली असती. पण अकरा दिवस ते तुमचीच इंजिनं धूत होते ना. आम्ही ओरडलो. ऐकलं नाही."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"त्यांनी शपथ घातली होती."

मी थेंब न घेताच बाहेर पडले. वीस मार्चचा दिवस. चवदार तळ्याकडे माणसांची रीघ लागलेली, रिक्षा बंद. त्या गर्दीतून वाट काढत चालत त्यांच्या घरी गेले. ते पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. मला पाहून उठले.

मी उभ्याउभ्याच विचारले, "थिनरनं रंग जातो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं की."

"मग?"

"पाणी खारं होतं, बाई, भरतीचं. रंगाच्या आत शिरलं होतं. वरून ठीक दिसलं असतं, पण सहा महिन्यांत आतून पितळ खाऊन टाकलं असतं. रंग काढल्याशिवाय ते निघत नाय."

"आणि तुमची हत्यारं?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटे थरथरत होती. दोन वर्षे झाली म्हणाले. मला दिसले नव्हते. ज्या माणसाबरोबर मी तीस वर्षे मिलिमीटरवरून भांडले, त्याचे हात मी पाहिले नव्हते.

"हत्यारं विकत मिळतात, बाई. पण ही इंजिनं मी आता परत नाय करू शकत. तुमचा रंग तुम्ही परत द्याल, तेवढं मला ठाऊक होतं. म्हणून रंग घालवला नि पितळ ठेवलं."

"हे तेव्हाच सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही दार लावलंत."

अशा माणसाचे काय करावे? दार वाजवायचे. ओरडायचे. चिठ्ठी टाकायची. अंकिताला शपथ घालायला वेळ मिळाला आणि मला एक वाक्य सांगायला आठ महिन्यांत मिळाला नाही! मी हे सगळे त्यांना तिथेच ऐकवले. ते म्हणाले, "चहा घेणार का?" मी घेतला. साखर जास्त होती.

६. सबब, माझे महाड येथील राहते घर हर्षद याला देते, पण ओटीवरची समोरची खोली श्री. दीपक निजामपूरकर यांनी हयात असेपर्यंत विनाभाडे वापरावी. त्यात इंजिने ठेवावीत, डाग द्यावेत, काही न करता बसावे, त्यांची मर्जी. हर्षदने त्यांना उठवू नये. हे मी त्याला फोनवर सांगितले तेव्हाचे संभाषण असे.

"ताई, अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय. तीस वर्षं म्हणत होते. दमले आता."

"पण मग इंजिनं तरी? एक रिसॉर्टवाला विचारत होता. लॉबीत ठेवील. काच, निळे दिवे. फक्त जरा चकचकीत करून हवी म्हणाला."

मी फोन ठेवला. रिसॉर्टवाल्याला इंजिन देऊ नये, विकू नये, चकचकीत करू नये. क्रमांक अकरा सोडून उरलेली पंचवीस इंजिने, रूळ, पेट्या, सर्व रंग आणि माझे सोनाराचे भिंग श्री. दीपक निजामपूरकर यांना देते. त्यांच्यामागे इंजिनांचे काय, हे त्यांनी पाहावे. मेल्यावरही सगळे मीच पाहायचे का?

गावाकडच्या जमिनीतला माझा हिस्साही हर्षदचा. तिथे तो जाणार नाही, बांध शेजारी कोरणार, आणि मग तो मला नावे ठेवणार. ठेवो.

७. शेवटचे कलम. हे लिहिण्यासाठीच बाकीचा खटाटोप आहे.

त्या मार्चपासून साडेतीन वर्षांत मी सतरापैकी चौदा इंजिने, तीन-तीन एकदम हाती घेऊन, पुन्हा रंगवली. वडिलांचे पहिले. त्याच्या काळ्यालाच पाच महिने गेले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा पडदा गेला आहे. गेल्या श्रावणात रेघ मारायला बसले आणि मला दोन रेघा दिसल्या. त्यांतली खरी कोणती ते कळेना. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितले. तीन इंजिने उघडीच राहिली. क्रमांक सात, अठरा आणि बावीस.

दीपकराव म्हणतात, "सावकाश करा, घाई नाय." घाई नाही म्हणे! मला बहात्तर वर्षे झाली आहेत.

पण ती तीन इंजिने गेले तीन महिने माझ्या टेबलावर आहेत आणि मी ती भिंगाखाली रोज पाहते. क्रमांक अठराच्या एका बाजूला दोनशे चौदा रिबिटे आहेत, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, मोहरीहून लहान, एका ओळीत. एकही वाकडे नाही. डाग कुठे दिला आहे ते सापडत नाही. ही सगळी रिबिटे मी आजवर रंगाखाली घातली, आणि जो आला तो म्हणाला, "बाई, काय रंग आहे!"

२००४ साली पुण्याच्या प्रदर्शनात आम्हाला पहिले बक्षीस मिळाले. प्रमाणपत्रावर एकच नाव, माझे. दीपकराव पेट्या घेऊन मागे उभे होते. एका गृहस्थांनी त्यांना विचारले, "तुम्ही बाईंच्या शाळेतले शिपाई का?" ते म्हणाले, "हो." मी दोन हातांवर होते. मी ऐकले. परीक्षक माझ्याशी बोलत होते आणि मला ते बोलणे ऐकायचे होते, म्हणून मी वळले नाही. गाडीत परत येताना माणगावपर्यंत विषय काढेन काढेन म्हटले. काढला नाही. एकवीस वर्षे काढला नाही. या मृत्युपत्रात मी पुष्कळांवर राग काढला आहे. हा माझ्यावरचा आहे आणि तो कोणाच्या नावावर करता येत नाही.

म्हणून असे ठरवते की क्रमांक सात, अठरा आणि बावीस यांना कोणीही, कधीही, कसलाही रंग लावू नये. ती समोरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला आधी दिसतील अशी ठेवावीत. शेजारी पाटी असावी: "पितळकाम: दीपक निजामपूरकर, महाड." पाटीवर माझे नाव नको. पाटी मी स्वतः रंगवली आहे. अक्षरे मोठी आहेत, जमली.

हे कलम मी काल त्यांना वाचून दाखवले. वकील म्हणाले होते की ज्याला मिळकत द्यायची त्याला वाचून दाखवू नये, पण वकिलांचे एक ऐकले नाही तिथे दुसरे कशाला ऐकू? दीपकरावांनी पंच्याने तोंड पुसले. मग म्हणाले, "उघडं ठेवलं तर पितळ काळं पडेल, बाई. सारखं पुसायला लागेल."

मी म्हटले, "मग पुसा."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय लिहिले आहे. याआधी काही लिहिलेले सापडल्यास ते रद्द समजावे, आणि सापडणार नाही, कारण ते पुरात गेले. प्रत्येक पानावर माझी सही आहे. सही थोडी दुहेरी वाटेल. हात माझाच आहे, डोळ्याचा दोष आहे.

ठिकाण: महाड
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

(सही)
विनीता भागोजी उतेकर

विनीताबाईंनी आमच्या समोर, पूर्ण समजून उमजून सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर सह्या केल्या. आम्हा दोघांना या कागदाने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) डॉ. धवल शेठ, महाड
साक्षीदार २: (सही) प्रियदर्शिनी सकपाळ, सेवानिवृत्त शिक्षिका, शेजारी